माझ्या वजनाचा फ्रिज

मी घेतलेला फ्रिज किती लिटरचा होता, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याचं वजन मात्र पक्कं ठाऊक आहे. सत्तर-एकाहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात माझं जेवढं वजन होतं, बरोबर तेवढं. फ्रिज निवडायची ही रीत कुठल्याही दुकानदाराला हसू आणील, आणि दुकानदार हसलाही. पण मला तो भोरला ठेवायचा नव्हता. भोरला आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत वीज होती, पंखा होता. फ्रिज हवा होता आईच्या घरी, वेल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या वाडीवर. तिथं वीज पोचली नव्हती, आणि विंझरला एसटीतून उतरल्यावर पायवाटेनं अर्धा दिवस चढावं लागायचं.

आई तिथं एकटी राहायची. मी एकुलता एक, तालुक्याच्या कचेरीत कारकून, बायको आणि दोन मुलं घेऊन भोरला. तिला मी 'चल' म्हणत नव्हतो असं नाही. दर खेपेला म्हणायचो. पण माझ्या 'चल'मध्येच 'तू काही येणार नाहीस' असं मिसळलेलं आहे, असा मला संशय यायचा. कुणी तसं बोललं नव्हतं. बायको नाही, आईही नाही. माझा मीच बोलायचो. उन्हाळ्यात पंख्याचं बटण दाबलं की हात तिथंच राहायचा. पंखा फिरायला लागायचा आणि मी उठून दाराशी जाऊन उभा राहायचो. बायको म्हणायची, "लावलात ना, मग बसा की त्याच्या खाली." बसवायचं नाही.

वर्षातून एकदा आई आपण होऊन यायची. वाडीच्या मागच्या ओढ्याकाठी आमची दोन जांभळीची झाडं आहेत. ती पिकली की आई जांभळं कुस्करून, फडक्यातून गाळून, थोडा गूळ आणि मीठ घालून रस करायची, मागून आणलेल्या औषधाच्या आणि सरबताच्या बाटल्यांत भरायची, बुचं मेणानं बंद करायची आणि पाटीत पेंढा घालून ती पाटी डोक्यावर घेऊन उतरायची. मग भोरला आठ दिवस राहायची. मुलांच्या जिभा जांभळ्या व्हायच्या, ती त्यांना जिभा बाहेर काढायला लावून हसायची, आणि नवव्या दिवशी रिकाम्या बाटल्या घेऊन परत जायची. आमचं सगळं वर्ष त्या आठ दिवसांना टांगलेलं असायचं, असं मला आता वाटतं.

एका वर्षी उन्हाचा कडाका होता आणि एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती. पाटी आईच्या पायांत. गुळाचा रस तो. चढाउतारावर हिंदकळून, तापून, आतल्या आत उबला. नसरापूर यायच्या आधीच एका बाटलीचं बूच टपाला जाऊन लागलं. मागोमाग दुसरं. फेस आला, आणि गाडीभर वास सुटला. तो वास कशाचा, हे त्या गाडीतल्या पोरासोरांनाही कळत होतं. दारूबंदीचे दिवस.

"म्हातारे, पहिल्या धारेची हाय का?" कुणीतरी मागून विचारलं.

"जांभळाचा रस हाय रं बाबा, नातवंडांसाठी."

"व्हय व्हय, फौजदाराला बी असंच सांग."

"आमी बी तुजी नातवंडंच की गं. घोटभर दे."

गाडी हसली. आईला कुणी उतरवलं नाही. ती आपणच पुढच्या थांब्यावर उतरली, रस्त्याकडेच्या चरात एकेक बाटली ओतली, रिकाम्या बाटल्या परत पेंढ्यात घातल्या आणि उलटी गाडी धरून विंझरला गेली. मी भोरच्या स्टँडवर शेवटच्या गाडीपर्यंत थांबलो होतो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून वर गेलो, तेव्हा ती अंगणात राखेनं बाटल्या घासत होती.

"दारूवाली म्हातारी म्हनले मला," ती म्हणाली. रडत नव्हती. बाटलीत बोट घालून तळ घासत होती. "तुज्या बापानं जल्मात कदी तोंडाला लावली न्हाई."

"रस नको आये. तू नुसती ये."

"रिकाम्या हातानं? लेकाच्या घरी? सुनंच्या दारात हात हालवीत हुबी ऱ्हाऊ व्हय?"

मला वाटलं राग उतरेल. पुढच्या वर्षी जांभळं पिकली, आई आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी जायचो तेव्हा धाकटा किती उंच झाला हे विचारायची आणि मी हातानं दाखवलेल्या उंचीकडे बघत राहायची. बायकोनं सुचवलं होतं, रस उकळून घ्या म्हणावं, टिकेल. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "उकाळल्यावर त्यो काढा हुतोय. नातवंडांस्नी काढा पाजू?"

तेव्हा माझ्या डोक्यात फ्रिज शिरला. रस थंड राहिला की उबणार नाही, उबला नाही की बुचं उडणार नाहीत, बुचं उडाली नाहीत की आई येईल. एवढं सरळ. मी हे गणित इतक्या वेळा केलं की त्यात चूक असेल असं वाटेचना.

भोरच्या एका डॉक्टरांकडे फ्रिज होता. मी खिशात सुतळी घेऊन गेलो आणि तो मोजू का म्हणून विचारलं. त्यांना वाटलं मी इंजेक्शन घ्यायला आलोय. घासलेटवरही फ्रिज चालतो हे त्यांनीच सांगितलं. खाली चिमणीसारखी ज्योत जळते आणि वर बर्फ होतो. वीज नसलेल्या ठिकाणच्या दवाखान्यांत असतात, म्हणाले, पुण्यात जुने मिळतील. "फक्त नेताना आडवा करू नका आणि ठेवताना जमीन सपाट पाहा. कलला की थंड होत नाही." ज्योतीनं बर्फ होतो हे मला कळलं नाही, पण मी मान हलवली. त्या दिवसापासून सुतळी खिशातून गेली नाही. आईच्या दाराची रुंदी तिच्यावर गाठ मारून ठेवली होती. कचेरीत फाईल उघडी ठेवून मी कपाटं मोजायचो. सोडावॉटरच्या दुकानातली बर्फाची पेटी मोजली. घरी जेवता जेवता उठून पिठाचा डबा मोजला, तेव्हा बायको म्हणाली, "मला पण मोजा एकदा, म्हणजे सुटका होईल."

खरा प्रश्न रुंदीचा नव्हता, नेण्याचा होता. आमच्या वाडीवर जड काही चढवायचं तर डोलीशिवाय उपाय नाही. लाकडी चौकट, चार दोर, वर एक जाड बांबू. आजारी माणसाला तीत बसवतात, दोघं बांबू खांद्यावर घेतात, दोघं बदलीला चालतात. डोली वाहणाऱ्यांतले म्होरके आमच्या भावकीतले आबा. गुडघे कुरकुरत होते, पण खांदा दगडासारखा. होळीला वर गेलो तेव्हा मी त्यांना बाजूला घेतलं.

"आबा, डोलीतनं किती वजन येतं?"

"माणूस येतो."

"तसं नव्हं. किती किलो?"

"किलो तुज्या कचेरीत. डोलीत माणूस बसतो. माणसाहून जड नगं, माणसाहून लांब नगं. बाईमाणूस आसलं तर बरं. सुखानं येतं."

"वस्तू आणायचीय. उभीच आणायची, कलू द्यायची न्हाई."

"मग माणसावानीच की. कलला तर ओकतो." आबा स्वतःच हसले. "आन रं. पर तुज्याहून जड आसंल तर तूच उचल."

त्यांना मी बजावलं, आईला सांगू नका. का बजावलं? तिचा चेहरा बघायचा होता म्हणून. मला वाटायचं, दार उघडलं की आतून गार हवा येईल, ती हात पुढं करील आणि तिच्या तोंडावर काहीतरी उमटेल, आणि त्या उमटण्यावर माझी किती वर्षं वसूल होतील. हे लिहितानाही मला बसवत नाही. दोनदा उठून आलो.

वैशाखात पुण्याला गेलो. निघताना बायकोनं धुवून निळीत घातलेली पांढरी चादर पिशवीत दिली. "जुना असला तरी रंग असेल ना त्याला. दोरानं खरवडून जाईल. हिच्यात गुंडाळा."

जुन्या सामानाच्या दुकानात घासलेटचे तीन फ्रिज होते. एक माझ्याहून उंच, पांढराशुभ्र, दाराला पितळी कडी. दुकानदार त्याच्यावरून हात फिरवत होता. "हा घ्या. घरचं सगळं मावेल, पाहुण्याचं पण मावेल."

"चार माणसं उचलतील का?"

"चार माणसांचं कुटुंब? आरामात."

"कुटुंब नाही. खांद्यावर."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी सुतळी लावली. गाठीच्या बाहेर गेला. दुसऱ्याची टाकी गळकी होती. तिसरा कोपऱ्यात, ठेंगणा, फिक्या हिरव्या रंगाचा, आमच्या पिठाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा म्हणा. गाठीच्या आत बसला. दार उघडलं तर आत फळ्या नव्हत्या. तारांच्या जाळ्या होत्या, आणि प्रत्येक जाळीला अर्धगोल खळगे.

"हा असा का?"

"एका साहेबाचा होता. विलायती द्राक्षाची दारू ठेवायचा. ती आडवी ठेवतात. उभी ठेवली तर बूच सुकतं, सुकलं की आत हवा जाते, मग आंबट." तो जरा ओशाळला. "तुम्ही आपलं काहीही ठेवा. पण भाजी नाही हो मावणार. हा बाटल्यांचाच."

मी खळग्यात बोट फिरवलं. सरबताची बाटली तिथं बरोबर बसली असती. ज्या बाईला गाडीभर लोकांनी दारूवाली म्हटलं, तिच्यासाठी मी दारूचाच फ्रिज घेत होतो. परत उंच फ्रिजकडं गेलो. परत ठेंगण्याकडं आलो. बाहेर जाऊन चहा पिऊन आलो. दुकानदार कंटाळला.

"वजन किती याचं?" मी विचारलं.

"फ्रिज वजनावर विकत नाही हो. वजनावर भंगार विकतो."

पण मला वजन हवंच होतं. शेजारी कोळशाची वखार होती आणि तिच्यासमोर आढ्याला टांगलेला मोठा तराजू. दुकानदारानं वखारवाल्याला हाक मारली, हमालानं फ्रिज एका पारड्यात चढवला. वजनं आत कुठंतरी गुंतलेली होती. वखारवाला मला म्हणाला, "तुम्हीच बसा ना. तुम्हाला माणसाच्या मापानं पाहिजे ना?" मी दुसऱ्या पारड्यात मांडी घालून बसलो. धोतराला कोळसा लागला. पारडं किंचित खाली गेलं, किंचित वर आलं आणि थांबलं. समोरच्या पारड्यात फ्रिज माझ्या डोळ्यांच्या उंचीला लटकत होता. सगळे हसत होते, मीही हसलो. कितीतरी दिवसांनी जीव थाऱ्यावर आला. तुझ्याहून जड नको, असं आबा म्हणाले होते. जड नव्हता.

दोन दिवसांनी टेम्पोनं मला आणि फ्रिजला सकाळीच विंझरला सोडलं. ठरल्याप्रमाणे आबा आणि तिघं गडी डोली घेऊन दुकानाच्या पडवीत बसले होते. पहाटे वाडीवरून निघाले होते. फ्रिज चौकटीत उभा केला, चादरीत गुंडाळला, दोरांनी बांधला. वरच्या टोकाला चादर थोडी जास्त होती, ती मी आत खोचली. बांबू उचलला तेव्हा आबा म्हणाले, "बरोबर आनलास. अगदी माणूस."

मी मागं राहिलो. फ्रिज कलतो का हे मागून नीट दिसायचं. उन्हामुळं डोक्यावरून उपरणं घेतलं होतं, ते तोंडावर आलं होतं. चढ असा की बोलायला कुणाला दम नव्हता. माझं सगळं ध्यान त्या पांढऱ्या चादरीवर. उजवीकडं झुकली की मी "हां, हां" म्हणायचो आणि मागचा गडी बांबू वर घ्यायचा.

पहिल्या वाडीत शिरलो तेव्हा एक बाई शेण थापत होती. ती उठून उभी राहिली, हात तसेच शेणाचे. ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी मुंडाशी उतरवून मांडीवर ठेवली. पोरं खेळत होती, त्यांना कुणीतरी आत ओढलं. कुणी काही विचारलं नाही. मला बरं वाटलं. नाहीतर वाटेत दहा जण दहा प्रश्न विचारतात. वाडी संपता संपता दोन तरणे गडी न बोलता पुढं आले आणि आमच्या गड्यांच्या खांद्याखालून बांबू आपल्या खांद्यावर घेतला. थेट खिंडीपर्यंत नेला. तिथं मी त्यांना पाणी दिलं आणि म्हणालो, "लई उपकार झाले."

"आसूं द्या," एक जण खाली बघून म्हणाला. "ह्यात कसले उपकार."

मला ते इतकं लागलं की डोळे भरले. माझ्या फ्रिजसाठी ही परकी माणसं खांदा देतात, आणि मी भोरला पंख्याखाली बसतो. डोळे पुसले. त्यांनी ते पाहिलं.

दुसऱ्या वाडीत तसंच झालं. चुलीचा धूर होता, आवाज नव्हता. एका घरातून माणूस निघाला आणि आमच्याकडं न बघता वरच्या आडवाटेनं भरभर चढत गेला. आबा बांबूखालून म्हणाले, "लोकं लई गप हायेत आज." आणि चार पावलांवर थांबले. तसेच, खांद्यावर ओझं घेऊन. मला पाठमोरे दिसत होते.

"लेका," ते म्हणाले, "डोली खालनं वर चाललीया."

"मग?"

"आजारी माणूस वरनं खाली जातो. वर काय येतं?"

मला तरीही कळायला वेळ लागला. आमच्या भागात डोलीतून खाली गेलेला माणूस बरा झाला तर पायी परत येतो. नाही झाला तर डोलीतून येतो, पांढऱ्यात. वर जाणाऱ्या डोलीला कोण म्हणून विचारत नाहीत. वाहणाऱ्यांच्या तोंडावरून गाव ओळखतात आणि खांदा देतात. आबांना सगळा डोंगर ओळखत होता. आणि आमच्या वाडीचं बाहेरगावी होतं कोण? मीच.

मी उपरणं काढून फेकलं. पुढं निघालो. आबांनी मागून सांगितलं, "म्होरं जा. पळ." आडवाटेनं गेलेला माणूस केव्हाच वर पोचला असणार. मी पळत होतो, आणि माझ्या मनात, सांगायला लाज वाटते, मधूनच हे येत होतं की मागं फ्रिज कलेल.

शेवटच्या वळणावरून आमचं घर दिसतं. अंगणात बायका जमलेल्या. घराच्या कौलांतून धूर येत नव्हता. आईनं चुलीवर पाणी ओतलं होतं. पहाटे रिकामी डोली खाली गेलेली तिनं पाहिली होती, आबांना विचारलं होतं आणि आबा माझ्या सांगण्यावरून "हाय एक काम" म्हणाले होते. तेव्हापासून ती अंगणातच होती. आता ओट्यावर वाटेकडं पाठ करून बसली होती. शेजारच्या काकूंनी तिचे दोन्ही दंड धरले होते.

"आये," मी हाक मारली. परत मारली.

बायका बाजूला झाल्या. आई वळली. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. आधी पाय पाहिले. धुळीत माझे पाय सरळ आहेत, टाचा मागं आणि चवडे पुढं आहेत, हे ती किती तरी वेळ बघत होती. मग वाकून तिनं माझ्या अंगठ्याला हात लावला.

"गरम हाय," ती काकूंना म्हणाली.

मागून डोली आली. अंगणात उतरवली. काकूंनी पदर सावरत विचारलं, "मंग ह्यात कोन हाय?"

"फ्रिज हाय," आबांचा गडी म्हणाला.

"कोन? कुठल्या गावचा?"

"अवं फ्रिज. थंड कपाट."

कुणीतरी आधी हसलं, मग सगळेच हसले. हसताना काकू रडायलाही लागल्या. आडवाटेनं निरोप घेऊन आलेला माणूस कडेला उभा होता, त्यानं मुंडासं परत डोक्याला गुंडाळलं आणि म्हणाला, "घाम तर माणसाएवढाच काढला की ह्यानं." आई हसली नाही. काकूंच्या घरून भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी आणायला लावलं, कारण आमची चूल विझलेली. माझ्यावरून उतरून टाकला. मग डोलीकडं पाहिलं, दुसरा तुकडा मागितला आणि चादरीतल्या फ्रिजवरूनही उतरून टाकला.

"त्याच्यावरनं कशाला?" आबा म्हणाले.

"तुज्या नावानं आलंय," ती आबांना नाही, मला म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी फ्रिज बसवत होतो. जमीन सारवलेली, उताराची. ताटात पाणी घालून ते फ्रिजवर ठेवलं आणि पाणी एका कडेला जाईल तिथं खालून दगडाच्या चिपा सारल्या. टाकीत घासलेट भरलं, वात कापली, ज्योत लावली. काकू तेवढ्यात डोकावून गेल्या. "म्हातारे, लेक परत आला, वर कपाट घिऊन आला. आता तरी बोल." आई चूल परत पेटवत होती, फुंकणीतून फुंकर घालत राहिली.

रात्रीची भाकरी झाल्यावर ती उठून फ्रिजपाशी आली. मी दार उघडलं. गार हवा अजून नव्हती, नुसता बंद डब्याचा वास होता. तिनं तारेच्या खळग्यात हात ठेवला.

"ह्ये काय?"

"बाटल्या ठेवायला. आडव्या. मंजी बूच सुकत न्हाई." मी एका दमात सगळं सांगितलं. रस इथं थंड राहील, उबणार नाही, बुचं उडणार नाहीत, कुणी काही बोलणार नाही. तू सुखानं भोरला येशील. वजन कसं मापलं तेही सांगितलं. पारड्यात बसलो ते ऐकताना तिनं डोळे मिटले.

"मंजी तुज्याच भाराची डोली आनलीस."

मी वाकून ज्योत थोडी कमी केली.

"रस हितं थंड ऱ्हाईल," ती म्हणाली.

"व्हय."

"आन यस्टीत?"

वर्षभर सुतळी खिशात घेऊन फिरलो होतो. रुंदी पाहिली, उंची पाहिली, वजन पाहिलं, बुचाचं पाहिलं. विंझरपासून भोरपर्यंतची गाडी पाहिली नव्हती. फ्रिज डोंगरावर आणि उन्हातली एसटी होती तिथंच. मला खाली बसावंसं वाटलं, आणि मी बसलो, फ्रिजला टेकून. पाठीला खालच्या ज्योतीची ऊब लागत होती.

ती माझ्याशेजारी बसली नाही. उभीच होती.

"मी काय आता भोरला येत न्हाई," ती म्हणाली. "वाटंत मला धा जणं इचारतील, लेक जिता हाय का म्हून. रस हितं ऱ्हाईल. तुमी या प्यायला. पोरांस्नी घिऊन या. सुनंला घिऊन या. आठ दीस ऱ्हावा. आदी मी याची, तर आता तुमी या."

"त्यांना चढवंल का एवढं?"

"तू कपाट चढवलंस." आणि मग, फ्रिजचं दार हलक्या हातानं लावत, "पर म्होरं चालत ये. डोलीच्या मागं नगं. आन शेवटच्या वळणावरनं वरड."

त्या ज्येष्ठात आम्ही चौघं वर गेलो. बायको पहिल्या वाडीपर्यंत तीनदा बसली, धाकट्याला मी खांद्यावर घेतला. वाटेतल्या माणसांनी मला ओळखलं आणि "फ्रिज आला, फ्रिज आला" म्हणून हाका मारल्या. ते नाव मला चिकटलं ते आजवर सुटलेलं नाही. शेवटच्या वळणावर मी ओरडलो, "आये, मी हाय!" पोरंही ओरडली. तिनं सुनेच्या पायांवर पाणी घातलं, मग जाळीवरची आडवी बाटली काढली. काच गार होती, तिच्यावर दव धरलं होतं. बुचाचं मेण सुरीनं काढलं, आवाज झाला नाही. रस गोड होता. मुलांनी जिभा काढल्या आणि ती हसली.

फ्रिज पेटतो तो जांभळांच्या दिवसांतच. घासलेट रेशनचं, दिव्याला पुरायला हवं. बाकी वर्षभर आई त्याचं दार फटीएवढं उघडं ठेवून आत वाटीभर कोळसा ठेवते, वास धरू नये म्हणून. मी दर वर्षी जाऊन वात बदलतो, ताटात पाणी घालून जमीन पाहतो. पाणी दर वर्षी थोडं दुसरीकडं जातं.

आता थोरला पुण्याला शिकतो, त्याला सुट्टी नसते. बायकोचे गुडघे धरतात. कधी कधी मी एकटाच जातो, आणि भोरहून निघताना जुनं सगळं मनात सुरू होतं. हे जाणं पुरेसं आहे का, आठच दिवस का, तिला इथं ठेवून परत उतरणारा मी कोण. खिंडीपर्यंत हेच चालतं. माझं वजन आता वाढलंय. तराजूत बसलो तर फ्रिज वर जाईल.

शेवटच्या वळणावरून ओरडतो. आईला आता कमी दिसतं, ऐकू मात्र येतं.

"वरडतुयास कशाला? आईकलं की," ती ओट्यावरून म्हणते. आणि मी जवळ गेलो की आधी माझे पाय बघते.